पावणेअकरा वाजता

बाईंनी खोडरबर हातात घेतलं आणि मुलीच्या कागदावरचा ओठाचा उजवीकडचा कोपरा पुसून टाकला. दोन-तीनदा रबर फिरवलं, फुंकर मारली, करंगळीच्या कडेने कचरा झटकला. सव्वीस वर्षांत असे किती ओठ, किती कान, किती कललेले पेले आणि लंगडी टेबलं त्यांनी पुसली असतील कोण जाणे. हात आपोआप चालायचा. मग मुलीच्याच पेन्सिलीने त्यांनी तिथे नवी रेघ ओढली, दुसऱ्या कोपऱ्याच्या बरोब्बर समोर, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओठांचे दोन्ही कोपरे एका ओळीत येतात. डोळ्यांचे येतात तसेच. हे मी मागच्या आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं."

"पण बाई," मुलगी हळूच म्हणाली, "त्यांचं तोंड तसंच आहे."

वर्गात खसखस पिकली. कारण समोर खिडकीजवळच्या खुर्चीत जे गृहस्थ बसले होते ते बाईंचे यजमान होते, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

"आमच्या ह्यांचं तोंड वाकडं होतं," बाई म्हणाल्या, "पण ते आमटीत मीठ कमी पडलं की. आत्ता बिचारे अगदी शहाण्यासारखे बसलेत."

वर्ग मोकळा होऊन हसला. यजमानही हसले असावेत. त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. बाईंनी वळून पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र पाहिलं. पावणेअकरा वाजले होते, तास संपायला पंधरा मिनिटं उरली होती आणि अजून सात-आठ कागद बघायचे राहिले होते.

नववीची ही तुकडी चित्रकलेत अगदी कोरी होती. ज्यांना संगणक हा विषय मिळाला नाही आणि गाता येत नाही ती मुलं दरवर्षी बाईंच्या पदरात पडायची. तिसऱ्या मजल्यावर टोकाला वर्ग. डाग पडलेलं बेसिन, एक सतत ठिबकणारा नळ, ओल्या कागदाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. पहिले दोन आठवडे नुसत्या रेघा, मग घन, मग नळकांडं, मग पेला, आणि सहामाहीच्या तोंडावर माणसाचा चेहरा. चेहऱ्यासाठी कपाटावर प्लास्टरचं एक डोकं असायचं. गेल्या आठवड्यात पंखा पुसताना शिपायाचा धक्का लागला आणि ते खाली आलं. नाक एकीकडे, हनुवटी दुसरीकडे. नवीन मागवायचं तर अर्ज, सह्या, दोन महिने. म्हणून बाईंनी घरी विषय काढला. यजमान पाणीखात्यात आरेखक होते, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. दिवसभर वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसायचे. "म्हणजे मी आता तुमच्या वर्गातलं मडकं का?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस ताणून धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आपणहून इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं लावायला जरा वेळ लागला. "डाव्या हाताला मुंग्या आल्यात," ते म्हणाले. बाई डबा भरत होत्या. "हात उशीखाली घेऊन झोपला असाल," त्या म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

आणि ते किती छान बसले होते. पोरं पहिल्यांदा जिवंत माणूस काढत होती, तेव्हा बाईंना धास्ती होती की हे मधेच खोकतील, उठतील, कोणाला तरी पट्टी नीट धरायला शिकवतील. तसलं काही झालं नाही. डावा हात मांडीवर उताणा टाकून ते खिडकीकडे बघत होते, आणि पंचवीस मुलं मान वर-खाली करत त्यांना बघत होती. बाईंना त्या घटकेला त्यांचा अभिमान वाटला होता हे खरं. त्याहून जास्त वाटला होता स्वतःचा. इतक्या वर्षांत ते या वर्गात कधी आले नव्हते. "चित्रकलेचा तास म्हणजे दुसरी मधली सुट्टीच," असं ते पाहुण्यांपुढे म्हणायचे आणि बाई पाहुण्यांबरोबर हसायच्या. लग्नाला दोनच महिने झाले होते तेव्हा बाईंनी त्यांचं एक चित्र काढलं होतं, दुपारी ते वाचत पडलेले असताना, चोरून. दाखवलं तर त्यांनी ते उजेडात धरलं, म्हणाले, "नाक असं नाही माझं," आणि खिशातली टोकदार पेन्सिल काढून तिथल्या तिथे दुरुस्त करून दिलं. बरोबरच होती दुरुस्ती. त्यांच्या कचेरीत रेघ एक तर बरोबर असायची नाही तर चूक. बोटभर चुकली तर रस्ता भलतीकडेच खणला जायचा. बाईंनी ते चित्र कुठे ठेवलं ते आता आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की त्यानंतर घरात त्यांनी माणसं काढली नाहीत. तेव्हा त्या दिवशी वर्गात, त्यांच्यादेखत, कोणा पोरीने त्यांचं तोंड वाकडं काढावं आणि ते तसंच राहू द्यावं, हे बाईंच्याने झालं नसतं.

त्या मुलीला वर्गात ठिपका म्हणत. पहिल्या दिवशी "कागदभर मोकळी रेघ ओढा" असं सांगितल्यावर तिने कोपऱ्यात एवढीशी खूण केली होती, तेव्हापासून. लहानखुरी, दातांना तार लावलेली, हाक मारली तरी दचकणारी. पेन्सिल मात्र दाबून धरायची, कागदाला चर पडेल अशी. बाईंनी ओठ सरळ करून कागद तिच्यापुढे सरकवला तेव्हा तिने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि मान खाली घातली.

तास सुटल्यावर यजमानांच्या हातून पिशवी पडली. एका मुलाने उचलून दिली. बाईंना पुढे आठवीचा तास होता. "जाल ना नीट?" त्यांनी दारातूनच विचारलं. यजमानांनी नुसती मान हलवली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले. घर चालत दहा मिनिटांवर होतं.

अडीचला बाई घरी आल्या तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवण झाकलेलं तसंच. "जेवला नाहीत?" "झोपतो जरा," ते म्हणाले, तोंडात पाण्याची गुळणी असल्यासारखे. झोपेतलं बोलणं, बाईंना वाटलं. त्यांनी पंखा एकने कमी केला आणि वह्या तपासायला बसल्या. पाचला चहा घेऊन गेल्या तर त्यांना उठून बसता येईना. एक बाजू उठत होती, दुसरी गादीतच राहत होती, जणू कोणी तिच्यावर बसलं होतं. आणि तोंड. बाई कप हातात धरून उभ्या राहिल्या. ओठाचा डावा कोपरा खाली घसरला होता, फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, फार तर तिशीचा. बाईंच्या हाताखालून गेलेल्या एखाद्या तुकडीतला असावा इतका. यजमानांना तपासणीला आत नेलं आणि तो बाहेर येऊन भरभर बोलायला लागला. "काकू, मेंदूत गुठळी दिसतेय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण सुरुवात होऊन साडेचार तासांच्या आत असेल तरच देता येतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती असते. म्हणून नीट आठवून सांगा, शेवटचे अगदी ठीक असे कधी होते?"

मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. सहाला दहा कमी.

तेव्हा तो कागद बाईंच्या डोळ्यांसमोर आला. आला नाही असं नंतर स्वतःलाही सांगण्यात अर्थ नव्हता. आला, कडेला उमटलेल्या ठिपकाच्या अंगठ्याच्या डागासकट आला. कागदावर उजवीकडे आलेला तो खाली उतरलेला डावा कोपरा, ती बारीक आवाजातली "पण बाई", मुलांचं हसणं, आणि खुर्चीतून आलेला तो घशातला आवाज. सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत उभं राहिलं. आणि त्याच पातं लवण्यात बाईंनी हिशोबही केला: पावणेअकरा म्हटलं तर सात तास. मग इंजेक्शन नाही. मग हा पोरगा विचारणार, तेव्हाच कोणाला दिसलं होतं का? मग का नाही आणलंत?

"अडीच," बाई म्हणाल्या. "अडीचला अगदी ठीक होते. माझ्याशी बोलले."

"नक्की?"

"मी समोर होते ना."

त्याने लिहून घेतलं, कागद पुढे केला. बाईंनी सही केली. सही नेहमीसारखी आली, शेवटच्या अक्षराची शेपटी वळवून. ते इंजेक्शन मिळावं म्हणून आपण तसं बोललो, की सकाळी आपण पाहिलं नाही हे कोणाला कळू नये म्हणून, याची फोड बाई पुढे दिवसचे दिवस करत राहिल्या. दोन्ही एकदमच आलं होतं. कधी वाटे पहिलं आधी आलं, कधी दुसरं. भाजी चिरताना, नळाखाली हात धरताना, कोणी काही विचारलं आणि उत्तर द्यायला अर्धा क्षण लागला की त्या पुन्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या असत आणि पुन्हा म्हणत, अडीच.

इंजेक्शन दिल्यावर तासाभराने ते बोलले, डावा पाय थोडा हललाही. सगळ्यांनी बाईंना सांगितलं, वेळेवर आणलंत. मग यजमानांना उलटी झाली, डोळे वर गेले, आणि माणसं पळायला लागली. डोक्यात रक्त उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंशेजारी बाकावर येऊन बसला. दमलेला होता. "काकू, हे वेळेत देऊनही होतं कधीकधी. शंभरात पाच-सहा जणांना. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आत्ताही सांगता आलं असतं. पण सांगून आता बदलणार काय होतं? आणि शंभरातले ते पाच-सहा होतेच की. ह्यांनी त्यांच्यातच का असू नये? अशा त्या पाच-सहा जणांना बाईंनी घट्ट धरून ठेवलं. त्यांचे चेहरे नव्हते, नावं नव्हती, पण सगळ्यांना म्हणे वेळेतच दिलं होतं.

बावीस दिवसांनी यजमान घरी आले. जगाची डावी बाजू त्यांच्यापुरती नाहीशी झाली होती. आंधळे झाले नव्हते. डोळे शाबूत होते, पण डावीकडे काही असतं हेच मनातून गेलं होतं. ताटातलं उजवीकडचं जेवायचे आणि उपाशी राहिल्याची तक्रार करायचे. बाई ताट फिरवायच्या, की मग उरलेलं अर्धं त्यांना नव्याने सापडायचं. दाढी अर्धीच करायचे. पलंगाच्या डाव्या अंगाला उभं राहून बाई बोलल्या तर ते उजवीकडच्या भिंतीला उत्तर द्यायचे. मदतीला त्यांची थोरली बहीण येऊन राहिली होती. तिने भावाची उशी, औषधं, पाण्याचा तांब्या, सगळं मुकाट्याने उजवीकडे मांडलं. एका सकाळी बाई त्यांचं अंग पुसत होत्या तेव्हा ते एकदम चिडले.

"हा कोणाचा हात इथे ठेवलायस?"

"कुठला?"

"हा. माझ्या बिछान्यात. गार पडलाय बघ. कोणाचा आहे त्याला देऊन टाक."

"अहो, तुमचाच आहे तो."

"मला शिकवू नकोस," ते म्हणाले, जड जिभेने पण अगदी जुन्या सुरात. "माझा हात मी ओळखणार नाही का?"

बाईंनी तो हात दोन्ही हातांत धरला. बोटात अंगठी होती, अंगठ्यावर पेन्सिलीने पडलेला जुना घट्टा होता. डावरे होते ते, याच हाताने चाळीस वर्षं रेघा ओढल्या होत्या. "बरं," त्या म्हणाल्या, "देते नेऊन." आणि चादर वर ओढली. वन्सं दारात उभ्या होत्या. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाल्या, "तू त्याला रागे भरत नाहीस हे चांगलं करतेस. पण एक विचारू? त्या दिवशी सकाळपासून त्याला काहीच होत नव्हतं? एवढं सगळं काय एका झोपेत झालं?"

"एका झोपेतच," बाई म्हणाल्या. पहिल्या वेळेपेक्षा सोपं गेलं.

दीड महिन्याने त्या शाळेत रुजू झाल्या. शिक्षकांच्या खोलीत सगळे उठून उभे राहिले, कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी ओळखीच्या वैद्याचा पत्ता दिला. बाई लवकरच निसटून वर आल्या. वर्गात धूळ होती, नळ तसाच ठिबकत होता. सहामाहीचे गुण द्यायचे राहिले होते आणि नववीचे कागद कपाटात नावानिशी गठ्ठे बांधून ठेवलेले होते. ठिपकाचा गठ्ठा त्यांनी मुद्दाम आधी सोडला नाही. आठ गठ्ठे सोडले, गुण दिले, आणि नववा सोडला.

चेहरा तिथेच होता. बाईंनी काढलेली ओठाची रेघ सफाईदार होती, आणि त्या चेहऱ्यात ती एकटीच परकी होती. कारण आता त्यांना बाकीचं दिसलं. डाव्या डोळ्याची पापणी किंचित जड काढली होती. डावा खांदा खाली. गालावरची घडी एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला गाल सपाट, इस्त्री फिरवल्यासारखा. मांडीवरचा हात उताणा आणि बोटं अशी, की त्यांनी काही धरलेलं नाही आणि धरायचा विचारही नाही. पेन्सिल धरून तीन महिने झाले नव्हते त्या पोरीला. प्रमाण चुकलं होतं, कान नको तिथे होता. पण बघायचं होतं ते तिने सगळं बघितलं होतं, आणि बाईंनी पुसलं ते त्यातलं फक्त एक टोक होतं. त्यांनी कागद खिडकीशी नेऊन आडवा धरला. तिरप्या उजेडात जुन्या रेघेचा चर दिसला, खाली उतरत गेलेला. शिसं गेलं होतं, पण कागद दबलेलाच राहिला होता. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. गठ्ठ्यात त्यानंतरचे तीन चेहरे होते, बदली शिक्षकांनी काढून घेतलेले: शेजारची मुलगी, शिपाई, आरशातली ती स्वतः. तिन्हींचे ओठ पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. तिन्ही चेहरे एकाच माणसाचे वाटत होते आणि तो माणूस कोणीच नव्हता.

शाळा सुटल्यावर ठिपका आली. दप्तर पाठीला, दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ये की आत."

"बाई, सर बरे आहेत?"

"घरी आलेत. हळूहळू होईल."

ती आत आली, पण बसली नाही. टेबलावरचा आपला कागद तिने पाहिला आणि नजर काढून घेतली. "मी त्या दिवशी घरी गेल्यावर आईला सांगितलं होतं. माझ्या आजीचं पण असंच झालं होतं ना, म्हणून आईला माहीत होतं. ती म्हणाली, धावत जा आणि बाईंना सांग. आम्ही आलो पण. पण फाटक बंद झालं होतं आणि तुमचं घर आम्हाला माहीत नव्हतं." हे सगळं तिने पाठ करून ठेवल्यासारखं एका दमात म्हटलं. "मी तेव्हाच परत बोलायला हवं होतं. मुलं हसली म्हणून गप्प बसले."

आत्तापर्यंत बाईंना वाटत होतं की हे फक्त आपल्या एकटीपाशी आहे.

"बाई, डॉक्टरांना कळलं होतं का? सकाळपासून तसं होतं ते?"

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. चौदा वर्षांच्या पोरीच्या. नखं कुरतडून कडांना रक्त आलेलं. दीड महिना ही पोर रोज या जिन्याने वर येत होती, दुसऱ्याच शिक्षकांपुढे बसत होती आणि सरळ ओठ काढत होती. खरं सांगितलं तर तिच्या अंगावरचं ओझं उतरेल का आणखी एक चढेल, याचा बाईंनी विचार केला. निदान केल्यासारखं त्यांना नंतर वाटलं. प्रत्यक्षात उत्तर आधीच तयार होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं ना. दवाखान्यात गेल्या गेल्या."

"कधीपासून तेपण?"

"पावणेअकरा. तेपण सांगितलं. म्हटलं, माझ्या वर्गातल्या एका मुलीने बघितलं होतं."

ठिपकाने श्वास सोडला. खांदे खाली आले आणि दप्तराचा पट्टा घसरला. तिने तो वर ओढला. "मग बरे का नाही झाले?"

"कधीकधी नाही होत. वेळेत सगळं करूनसुद्धा. शंभरात पाच-सहा जणांना."

"मला वाटत होतं, माझ्यामुळे..."

"वेडी आहेस का? तुझ्यामुळेच तर कळलं."

मुलगी हसली, दातांची तार दिसली. बाईंनी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. "मी आईला सांगू? ती रोज विचारते. तिलापण फार लागलंय."

आता नको म्हणायला जागा नव्हती. "सांग," बाई म्हणाल्या.

"आणि वर्गात सांगितलं तर चालेल? ती मुलं मला म्हणतात की मी वाकडं काढलं म्हणून सरांचं तसं झालं."

"चालेल."

ती गेली. जिन्यावर तिची पावलं दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेलेली ऐकू आली. बाईंनी कागद गठ्ठ्यात परत घातला, नाडी बांधली आणि गुणपत्रकात तिच्या नावापुढे वर्गातले सगळ्यांत जास्त गुण लिहिले. मग खिडकीशी आल्या. खाली फाटकाजवळ ठिपकाने तीन-चार मुलींना गाठलं होतं. ती सांगत होती, मान उंच करून, हात हलवून. वर्षभरात बोलली नसेल इतकं एका दमात बोलत होती. एका मुलीने तिच्या खांद्यावर हात टाकला. फाटकाबाहेर एक बाई छत्री मिटून उभी होती, ती आई असावी. तीही दोन पावलं आत आली आणि ऐकू लागली. मग तिने छातीशी हात नेला, आणि सगळ्या मिळून वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघायला लागल्या.

बाईंनी हात वर केला आणि हलवला.